मैनाचं रेटिंग

यादव सरांच्या कॉम्प्युटरनं सांगितलं की मैनामध्ये आता काही वाढ नाही, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात, रोहिणी मॅडमच्या नाकाच्या शेंड्यावर राग. असू दे. सातपूरच्या कामगार वस्तीतल्या मुलींना मी बास्केटबॉल शिकवत आले. तो राग नसता तर एकीलाही घरच्यांनी हाफ पँट घालून ग्राउंडवर येऊ दिलं नसतं.

ही गोष्ट २००४ सालची. यादव सर आमच्या क्लबचे अध्यक्ष. एका कारखान्यात क्वालिटीला होते, उभा जन्म माल तपासण्यात गेला. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. बोर्डाला रंग स्वतः लावायचे, बॉलमध्ये हवा स्वतः भरायचे. त्या वर्षी त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं बास्केटबॉलच्या गेमची सीडी पाठवली. हा गेम बोटांनी खेळायचा नाही, नुसता चालवायचा. आपण टीम बनवायची. प्रत्येक खेळाडूची उंची, वजन, वय भरायचं, शूटिंग, पासिंग, पळणं यांना शंभरपैकी मार्क द्यायचे, आणि एक बटण दाबायचं की अख्खं वर्ष निघून जातं. पुन्हा दाबलं की पुढचं वर्ष. दरवर्षी खेळाडूचे मार्क वाढतात नाहीतर घसरतात. त्याला म्हणायचं रेटिंग. महिनाभर सर परदेशी टीम चालवत बसले, आणि मग त्यांनी त्यात आमच्या मुली घातल्या.

इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. रिटायर्ड माणूस, वेळ जात नाही, खेळू दे. पण त्याच वर्षी क्लबच्या वसतिगृहात एक जागा निघाली. राहणं, जेवण, शाळा, सकाळ-संध्याकाळ ट्रेनिंग, सगळं क्लबचं. जागा एकच आणि दावेदार दोघी, सरिता आणि मैना. सरितावर माझा काही राग नाही. उंच पोरगी, सरळ शूटिंग, वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात. जागा मिळाली नसती तरी ती रोज वडिलांच्या स्कूटीमागे बसून ग्राउंडवर आली असती.

मैनाचं तसं नव्हतं. ती पेठकडच्या एका पाड्यावरची. आईवडील, वत्सलाबाई आणि लहानू, अर्धं वर्ष द्राक्षबागांत मजुरीला असायचे. मैना सातपूरला मावशीच्या खोलीत राहून आमच्या शाळेत नववीत शिकत होती. मावशीच्या नवऱ्याचं काम मे महिन्यात सिन्नरला हलणार होतं, म्हणजे ती खोली सुटणार. लहानूनं मला सरळच सांगितलं होतं. जागा मिळाली तर पोर तुमची, नाही मिळाली तर जूनमध्ये लग्न. मुलगा बघून ठेवलेला होता. मला तेव्हाही त्याचा राग आला होता, पण तो म्हणाला, "मॅडम, आम्ही बागंत पाल ठोकून ऱ्हातो. तरणी पोर तिथं कुठं ठेवू? तुमी सांगा." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

एरवी आम्ही मॅच लावायचो आणि मॅच बघून ठरवायचो. या वेळी सर म्हणाले, वशिला नको, पक्षपात नको, टेस्ट करू. आज कोण चांगलं खेळतं ते ग्राउंडवर दिसतं, पाच वर्षांनी कोण चांगलं खेळेल ते कुठं दिसतं? मी म्हटलं, मला दिसतं. ते हसले. त्या हसण्यात सगळं आलं. बाईमाणूस, पीटीची टीचर, हिला काय कळतं!

कमिटीला दाखवण्याआधी त्यांनी मला घरी बोलावलं. हॉलमध्ये कॉम्प्युटर, त्यावर विणलेलं कव्हर, शेजारी पोह्यांची बशी. त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली. सरिता पन्नासवरून साठ, सत्तर, ऐंशीच्या पुढे गेली. मैनाची सुरुवात तिच्यापेक्षा बरी, पण दोन वर्षांत साठीच्या आसपास येऊन थांबली आणि मग घसरायलाच लागली. बाविसाव्या वर्षी ती टीमबाहेर. सरांनी सगळं पुसून पुन्हा चालवलं. एकदा सरिता थोडी खाली आली, एकदा वर गेली, पण मैना दर वेळी खालीच. "टेस्टेड," असं म्हणून त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

माझं डोकंच फिरलं. कसले पोहे! जी मुलगी दोघींच्या मधून वाकून निघते आणि समोरचीला कळायच्या आत बॉल टाकून येते, ती घसरणार? मी सरांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. म्हटलं, टेस्टच करायची ना, नीट करू. आधी मैनाची उंची वाढवली. थोडा फरक पडला, फार नाही. मग पासिंगचे मार्क वाढवले, मग पळण्याचे. दोन वर्षं वर जायची आणि पुन्हा उताराला लागायची. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीचं तसंच ठेवा, असं सर मागून सांगत होते. त्यांना मजा वाटत होती. शेवटी माझं लक्ष वयाच्या रकान्याकडे गेलं. सरिता चौदा, मैना सतरा.

मी सतरा खोडून चौदा केलं आणि बाकी कशालाही हात लावला नाही. बटण दाबलं. मैना साठ, सत्तर, ऐंशी करत नव्वदच्या पुढे गेली. मग सरिताला सतरा केलं, तर ती बिचारी घसरली. अख्ख्या गेमचं इंगित एवढंच. कमी वयात टीममध्ये आली की वर्षानुवर्षं वाढ, उशिरा आली की लवकर उतार. मुलगी कोण, कशी पळते, याच्याशी त्याला काडीचंही देणंघेणं नव्हतं.

आणि मैना खरोखरच चौदाची होती.

आपल्याकडे कुणाही खेड्यातल्या माणसाला जन्मतारीख विचारा. निम्मे एक जून सांगतील. जन्माची नोंद नसायची, म्हणून शाळेत घालताना गुरुजी ठोकून द्यायचे. मैनाच्या पाड्यावर तर अख्खी पहिली एकाच दिवशी जन्मलेली, एक जून १९८६. पटावर मुलं कमी पडत होती, शाळा बंद व्हायची वेळ आली होती. सात वर्षांच्या पोरांबरोबर शेंबूड पुसत आलेली ही चार वर्षांची चिमुरडी गुरुजींनी त्यातच बसवली आणि तीच तारीख लावून टाकली. पुढे आईबापाबरोबर बागांवर गेल्यामुळे तिची दोन वर्षं बुडाली, त्यामुळे वर्ग बघून कुणाला शंकाही आली नाही. मला मात्र माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ग्राउंडवर तिची दुधाची दाढ पडली होती, ती माझ्याच हातावर ठेवली होती तिनं. कागदावर तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पंधराव्या वर्षी कुणाची हो पडते दुधाची दाढ?

हे सगळं मी यादव सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, मॅडम, तुम्हीसुद्धा? मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. आपल्या खेळात वय चोरणं म्हणजे रोजचा धंदा. वीस वर्षांची घोडी सोळाच्या गटात उतरवायची आणि कोचनं छातीवर हात ठेवून शपथ घ्यायची, खरं वय कमीच आहे हो. सरांनी असे पुष्कळ कोच पकडले होते. मी खरं बोलत होते आणि माझं खरं त्या कोचांच्या खोट्यासारखंच दिसत होतं. च्यायला, असा राग मला जन्मात आला नव्हता. दातांचं सांगितलं, आईला आणते म्हटलं. ते म्हणाले, आई तर तुमच्याच बाजूनं बोलणार. मुलीलाच विचारू, मुलगी खोटं बोलायची नाही.

मला वाटलं, चला, सुटलो. मैनाला तिचं वय माहीत होतं. आदल्या दिवाळीत तिनंच मला हसत सांगितलं होतं की बाई, मी कागदावर म्हातारी हाय. म्हणून मी तिला काही पढवलं नाही. पढवली असती तर मग माझ्यात आणि त्या कोचांत फरक काय राहिला असता?

कमिटीचे चार जण, यादव सर आणि मी, क्लबच्या खोलीत बसलो. मैना दारात उभी, घामेजलेली, बॉल काखेत. सरांनी अगदी प्रेमानं विचारलं.

"बाळ, तुझं वय किती?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे सांग, बिनधास्त सांग. तिनं बॉल खाली ठेवला, हात सरळ केले आणि शाळेत इन्स्पेक्टरसमोर उभं राहावं तशी उभी राहिली.

"सतरा पूर्ण, सर. जन्मतारीख एक जून एकोणीसशे शहाऐंशी."

सरांनी माझ्याकडे बघून नुसता चष्मा पुसला. बोलले असते तर बरं झालं असतं. मीच बोलले, वाटेल ते बोलले. माणसांपेक्षा कागद खरा मानणारे तुम्ही, तुमची मुलगी असती तर दात बघितले असते, असं सगळं. एकानं मला पाणी दिलं. जागा सरिताला गेली.

बाहेर आल्यावर मी मैनाला दंडाला धरून हलवलं. का गं असं केलंस? तुझ्या आयुष्याचा प्रश्न होता, एवढं तुला कळत नाही? ती रडली नाही, गोंधळली होती. तिच्या गुरुजींनी सगळ्या वर्गाकडून घोकवून घेतलं होतं की कुणीही साहेब विचारील तेव्हा कागदावरचंच वय सांगायचं.

"दुसरं सांगितलं तर गुरुजींची नोकरी जाईल, बाई. त्यांनीच मला शाळेत बसवली. नाय तर मी बकऱ्यांमागं असते."

आता सांगा, कुणावर ओरडायचं? त्या गुरुजींनी थाप मारली नसती तर ही पोर माझ्यापर्यंत पोचलीच नसती. मी भर रस्त्यात उभी राहून ओरडले, पण कुणावर ते मलाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात लहानू तिला घेऊन गेला. मी तिला माझ्या घरी ठेवते म्हटलं, तर माझ्या सासूनं आणि मैनाच्या बापानं एकाच सुरात नाही म्हटलं. मग मी पोलीस चौकीत गेले. हवालदारानं शाळेचा दाखला बघितला आणि म्हणाला, एक जूनला अठरा पूर्ण होतात, मुलगी सज्ञान आहे, आम्ही काय करणार? खरं वय काढायचं तर हाडांची तपासणी करून आणा, पण बापाला बरोबर आणा. बापाला कुठून आणणार होते मी? जूनच्या पहिल्या आठवड्यात मैनाचं लग्न झालं. ती तेव्हा जेमतेम पंधराची होती आणि मांडवात सगळे म्हणत असतील की बघा, कायद्यानं सगळं कसं व्यवस्थित.

पाऊस लागला तशी ग्राउंडची प्रॅक्टिस बंद पडली. एका रविवारी यादव सरांचा फोन आला, ताबडतोब या. मी गेले. नसते गेले तर बरं झालं असतं. ते खुर्चीतून उठून दारापर्यंत आले, चेहरा नुसता फुललेला. म्हणाले, मॅडम, मला तुमचं बोलणं टोचत होतं. पेपरात वाचलं, आपल्या भागातल्या अर्ध्या लोकांच्या जन्मतारखा एक जून आहेत म्हणे. मी मैनाला चौदा करून पुन्हा सगळं तपासलं, उलटसुलट तपासलं, कसंही चालवा, ती सरिताच्या पुढेच जाते. तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. पुढच्या वर्षी अजून एक जागा काढू, मी कमिटीशी बोलतो. कधी येते ती?

"तिचं लग्न झालं, सर."

"लग्न? चौदाव्या वर्षी? असं कसं होऊ दिलं हो तुम्ही?"

माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती, एकही बाहेर पडली नाही. ते खरंच हादरले होते. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं की मग हिचं नाव टीममधून काढू का?

पडद्यावर आमची टीम होती. मैनाच्या नावापुढे वय बावीस, रेटिंग चौऱ्याण्णव, कॅप्टन. तो कॉम्प्युटरचा डबा उचलून भिंतीवर आपटावा म्हणून मी दोन्ही हातांनी धरला. वायर ताणली गेली. मग मी तो पुन्हा जागेवर ठेवला.

म्हटलं, "राहू द्या. तिथं तरी खेळू द्या तिला."

आणि दार आपटून निघून आले.