श्रीरंगनं हवा सोडली

आपल्या जवळचा चांगला टायर काढून दुसऱ्याले कोनी देते का हो? मी जिंदगीभर ट्रक चालवला, मंडला रोड म्हना, कटनी रोड म्हना, पन असा मानूस नाई पाह्यला. म्हनून श्रीरंग दोन टायर खांद्यावर टाकून आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घराच्या अंगनात आला, तवाच मले खटकलं.

विनता मायी भाची. राइट टाउनमधी तिचं घर वरच्या माळ्यावर, म्हनून तिची पहाडाची सायकल आमच्याकडंच राह्यते. दसऱ्याले कुंडमकडच्या पहाडीवरून खाली उतरायची रेस होती, दगड-गोटे अन् झाडाच्या मुळांतून. पोरं-पोरी सारे संगच. तिच्यासंग सायकल चालवनारा हा श्रीरंग बी त्याच रेसमधी उतरनार, अन् तोच तिले टायर निवडून देऊन राहिला होता. मंग शक येनार नाई तं काय?

"पुढचा येगळा अन् मागचा येगळा, असं काहून?" मी विचारलं.

"मामाजी, आगे नरम रबर. वळणावर पकड राहते. पीछे थोडा कडक, नाहीतर लवकर घासतो." मराठी घरचा पोट्टा, पन अर्धं हिंदीतच बोलते.

"ट्रकले असे येगळे-येगळे लावले असते तं मालकानं मले चपलेनं हानलं असतं."

"मामा, हा ट्रक नाहीये," विनता म्हनाली.

मंग त्यानं पिशवीतून हेल्मेट काढलं, हनुवटीपर्यंत झाकनारं. तिच्या डोक्यात घालून डावीकडं-उजवीकडं हालवून पाह्यलं. "ढिलं नको. गाल दबले पाहिजेत." वरून गुडघ्याले पॅड, कोपराले पॅड, पाठीले कवच.

"कासव दिसून राहिली," मी म्हनलं.

"जिवंत कासव, मामा," ती म्हनाली.

टायर चढवून झाले. जाता-जाता तो वाकला अन् दोन्ही चाकांतली हवा सोडली. फुस्स!

"काहून बे? हवा काहून सोडली?"

"कमी हवेत टायर गोट्याला धरून चालतो, मामाजी. टाइट असला तर उसळून फेकून देईल."

तो गेल्यावर विनताले सांगितलं, "पोरी, याच्यावर नजर ठेव. याले जितायचं हाय." ती हसली. मले काई हसू आलं नाई. रस्त्यावर पडलेलं मानूस मी पाह्यलं हाय.

दुसऱ्या दिवशी खंडे नवमी. मायी बायको इंदूनं माया ट्रकच्या पाना-पेचकसाचा डब्बा, शिलाई मशीन, विळी, अन् विनताची सायकल, साऱ्यायची पूजा केली. मी फाटकाकडं डोळे लावून बसलो होतो, श्रीरंग पुन्हा येते का म्हनून. आला नाई.

दसऱ्याच्या सकाळी लोडर टेंपोमधी सायकल टाकून मी, इंदू अन् विनता पहाडीवर गेलो. रेसच्या आधी विनता जरा उतार पाहू म्हनून निघाली. वळनावर तिनं ब्रेक दाबला. ब्रेक लागलाच नाई! सायकल सरळ झुडपात. धावत गेलो तं पोरगी उठून बसली होती. गुडघ्याच्या पॅडवर हा खोल ओरखडा, आत गुडघा साबूत.

श्रीरंग बी धावत आला. मी त्याची कॉलरच धरली. "हवा सोडली तवाच मी वळखलं! आता ब्रेक बी?"

"अरे मामाजी, छोड़िए तो! पाहू तर द्या."

चाकाच्या मधात लोखंडाची तबकडी असते, ब्रेक तिलेच आवळते. त्यानं ती बोटानं चोळली, बोट नाकाले लावलं. "ये तो घी है."

आमी सारे इंदूकडं वळलो. तिनं पदर तोंडाले लावला. "माहेरी आमी कुंकू पान्यात कालवत होतो. इथं शेजारची दीदी तुपात सेंदूर कालवते, मी बी तसंच शिकली. साऱ्या चाकात तेवढीच जागा चमकत होती, तं तिथं सातिया, म्हंजे स्वस्तिक, काढला. मंग विनताले डाग आवडनार नाई म्हनून पुसून टाकला."

"मामी, पुसल्यानं तूप जातं का गं!" विनतानं कपाळाले हात लावला.

"डिस्क स्पिरिटनं साफ होईल," श्रीरंग म्हनाला, "पण तिला आवळणारे ब्रेकचे गुटके घी पी गए. दुसरे नाहीत." मंग त्यानं डिस्क पुसली, आपली सायकल उलटी केली, तिचे गुटके काढले अन् विनताच्या सायकलले लावले.

"अन् तू?" तिनं विचारलं.

"मैं नीचे खड़ा रहूँगा."

"थांब," मी म्हनलं. "पहिले याच सायकलवर तू बस. त्या वळनावर थांबून दाखव."

"मामा!"

पन त्यानं सायकल हाती घेतली. हेल्मेट घातलं, गेला, ब्रेक दाबत-दाबत वळनावर बरोबर थांबला.

मंग रेस सुटली अन् विनता पहाडीवरून निघाली. मी खाली उभा राहून देवाचं नाव घेत होतो. मधात एक मोठा गोटा आला. चाक दबलं, गोट्याले चिकटून वर चढलं, पलीकडं उतरलं. उसळलं नाई. पोरगी पहिली नाई आली, पन साबूत आली.

इंदू थाळी घेऊन पुढं झाली. विनता म्हनाली, "मामी, मला लाव. सायकलला हात नको लावू." तिले टिळा लावून झाला, मंग श्रीरंगले. त्यानं गुपचूप कपाळ पुढं केलं, पन डोळे विनताकडं.

मी त्याच्याकडंच पाहून राहिलो होतो. टायर देले, रेस सोडली, आपले ब्रेक बी काढून देले. फुकटात कोनी करत नाई बाप्पा.

"श्रीरंग," मी म्हनलं, "संध्याकाळी सोनं द्याले घरी ये. तुयाशी जरा बोलायचं बी हाय."

विनता खाली पाहू लागली. अन् त्या पोट्ट्यानं हातातलं हेल्मेट हळूच पुन्हा डोक्यात घातलं.