शेवटची सोळा पानं

सिस्टरने डोळे घट्ट मिटले आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"बघतेय ती! पापणी हलली," वकील ओरडला.

"गप रे. हे कोर्ट नाही तुझं."

तिने मधलंच एक पुस्तक ओढलं. वरची चार-पाच धाडकन खाली आली, आणि प्रोफेसर "अगं हळू, हळू" करत ती लेकरांसारखी उचलू लागला. एवढी माया होती तर वाचायला कुणी अडवलं होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

तिघं कॉलेजपासूनचे मित्र. सिस्टर छत्तीस वर्षं हॉस्पिटलात राबून निवृत्त झालेली. वकील अजून काळा कोट चढवून रोज कोर्टात जायचा, काम असो वा नसो. प्रोफेसरने जन्मभर साहित्य शिकवलं आणि जन्मभर पुस्तकं घेतली. न वाचलेल्या पुस्तकांचे ढीग तिघांच्याही घरी होते. डोळे शाबूत आहेत तोवर त्यांचा निकाल लावू, असं वकिलानेच गेल्या वर्षी काढलं. दर रविवारी दुपारी तिघांपैकी कुणातरी एकाच्या घरी जमायचं, त्या घरच्या ढिगातून डोळे मिटून एकेक पुस्तक काढायचं, दोन तास अवाक्षर न बोलता वाचायचं. पुरं होत नसेल तर शेवटाकडे उडी मारायची मुभा होती. पाच वाजता प्रत्येकाने आपल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची, आणि ठेवायचं की वाचनालयाला देऊन टाकायचं, ते बाकीच्यांनी ठरवायचं.

आज पाळी प्रोफेसरच्या घराची होती. इथे हा खेळ जास्त रंगायचा, कारण त्याची सगळी पुस्तकं खाकी कागदात. पुस्तक घरात आलं की त्याच दिवशी तो त्याला कव्हर घालायचा. कव्हर घातलं की निम्मं वाचून झालं, असं त्याला वाटत असावं. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायची सोय नव्हती, त्यालासुद्धा.

सिस्टर खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, चष्मा लावला, पहिलं पान उघडलं. आणि तशीच बसून राहिली.

पानावर तिचंच अक्षर होतं. 'प्रोफेसरला, भीत भीत.' खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची.

तिने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. ड्युटी सांभाळून, सासूचं दुखणं काढून, सहा वर्षं. छापून आल्यावर पहिली प्रत ह्या माणसाला नेऊन दिली, कारण तिच्या ओळखीत पुस्तकातलं कळणारा तो एकटाच होता. तीन आठवड्यांनी त्याने तिला ह्याच खोलीत बसवून, चहा देऊन, अगदी प्रेमाने सांगितलं होतं, "प्रयत्न चांगला आहे गं. पण पसरट झालंय. आणि शेवट साफ फसलाय. राग मानू नकोस, कादंबरी हा तुझा पिंड नाही."

तिने राग मानला नव्हता. घरी जाऊन दुसऱ्या कादंबरीची दोनशे पानं तेवढी रद्दीत घातली होती. त्यानंतर तिने कशावरही पेन टेकवलं नाही. ह्या पुस्तकाची घरातली प्रतही उघडली नाही.

समोर प्रोफेसर मान खाली घालून वाचत होता. हातात पेन्सिल. पेन्सिलीशिवाय त्याला वाचता यायचं नाही. ओळीखाली रेघ, समासात फुली, कुठे 'वा', कुठे 'छे'. वर्तमानपत्रसुद्धा तो असंच वाचायचा.

सिस्टर पानं उलटू लागली. दहा. वीस. चाळीस. एकही रेघ नाही, फुली नाही.

मैत्रिणीचं पुस्तक म्हणून कोरं ठेवलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग ती वाचू लागली. परक्याचं वाचावं तसं. एकदा तिला खुदकन हसू आलं, तेव्हा वकिलाने दटावून बोट ओठांवर ठेवलं. एका पानाशी डोळे भरून आले, आणि मग तिला स्वतःचाच संताप आला. बरं होतं की हे! चांगलं होतं!

पाच वाजले. वकिलाने आपलं पुस्तक दोन वाक्यांत निकालात काढलं. "प्रेमात पडतात, मरतात. द्या वाचनालयाला."

"सिस्टर, तुझं?"

तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. त्याने वाचलं होतं की नव्हतं, हे तिला आता कळायलाच हवं होतं.

"हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणारी एक बाई असते," ती म्हणाली. "डॉक्टरांचे कोट धुवायला येतात, त्यांच्या खिशात चिठ्ठ्या सापडतात. कुणाच्या औषधांच्या, कुणाच्या बायकोच्या, कुणाच्या भलतीच्याच. बाई एकही चिठ्ठी फेकत नाही. वीस वर्षं साठवते."

वकिलाने झटकन मान वर केली. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याचं उघडलेलं तोंड मिटलं.

प्रोफेसर मात्र पुढे सरकून बसला होता. "मग?"

"तिला कामावरून काढतात. शेवटच्या दिवशी ती सगळ्या चिठ्ठ्या परत वाटते. पण ज्याची त्याला नाही. ह्याची त्याला, त्याची ह्याला. आणि घरी जाऊन शांत झोपते."

"आयला!" प्रोफेसरने मांडीवर थाप मारली. "काय शेवट आहे! पहिल्या पानापासून हे डोक्यात असल्याशिवाय असं सुचत नाही. आणि हे माझ्याकडे पडून होतं? ठेवायचं! हे घराबाहेर जायचं नाही." तो जरा थांबला. "तूही लिहायचीस ना गं मध्यंतरी? असं काहीतरी लिहायला हवं होतंस."

"प्रोफेसर..." वकील म्हणाला.

"थांब रे. दे बघू सिस्टर, तो शेवट वाचूनच दाखवतो."

तिने पुस्तक दिलं. त्याने ते मागून उघडलं, बोट आत घालायला गेला, बोट शिरेना. त्याने पुस्तक तिरपं धरून उजेडात बघितलं.

"ही पानं तर जोडलेलीच आहेत! बाइंडरने कड कापलीच नाही." आणि तो खो खो हसत सुटला. "सापडलीस! शेवटची सोळा पानं कुणी उघडलेलीसुद्धा नाहीत, आणि तू शेवट सांगून मोकळी! मनानेच रचलास की काय?"

"हो. मनानेच रचला," सिस्टर म्हणाली.

वकील खिडकीबाहेर बघत होता. "पहिलं पान उघड, गाढवा," तो तसाच म्हणाला.

प्रोफेसरने उघडलं. तिची ओळ वाचली, तारीख वाचली. त्याचे कान लाल झाले. चष्मा काढून तो पुसत बसला, नको तेवढा वेळ.

"ही दुसरी प्रत असेल," शेवटी तो म्हणाला. "मी वाचली ती वेगळी. तू दोन दिल्या होत्यास ना? मला चांगलं आठवतंय."

सिस्टर उठली, पर्स खांद्याला लावली.

"मी तेव्हा तुझ्या बऱ्यासाठीच..." तो म्हणाला.

"शेवट आवडला ना तुला?"

"खूप. अगं, खरंच खूप."

"वाचायला वेळ नव्हता, तर तसं म्हणायचंस," ती म्हणाली. "मी तेव्हासुद्धा तोंडी सांगितला असता रे."