टोरवाल्डच्या गाडीतला कोरा गालिचा

टोरवाल्ड फ्रान्सनला मिळायचे होते आठ हजार क्रोनर, आणि ते त्याने सात वर्षं आधीच आपले धरले होते. झालं असं, की आमच्या गल्लीतल्या इंग्वेने जुनी गाडी विकली, तेव्हा दलालाने तळाच्या गालिच्यावरचे मिठाचे डाग दाखवून बरोब्बर तेवढी किंमत पाडली. स्वीडनमधल्या आमच्या स्मोलांडात बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते बुटांबरोबर गाडीत येतं. इंग्वेचं ऐकून टोरवाल्ड हळहळला खरा, पण नवी गाडी घेतली तेव्हा मॅट निवडायला त्याने तीन शनिवार दुकानात घालवले.

"रबरी घ्या," दुकानदार म्हणाला. "काठ उंच आहेत, पाणी आतच राहतं."

"आणि खाली झिरपलं तर?"

"मग कापडी घ्या."

"त्या मळतात."

"अहो फ्रान्सन, मॅट मळायसाठीच असते!"

असल्या उधळ्या माणसाशी काय वाद घालायचा! टोरवाल्डने दोन्ही घेतल्या. खाली कापडी, वर रबरी, चोवीसशे क्रोनर. मग रबर झिजू नये म्हणून त्यावर जुने टॉवेल आले. स्वतःच्या पायाखाली मात्र काही नाही, पेडलमध्ये अडकेल म्हणून. तिथे तो नुसत्या मोज्यांवर गाडी चालवायचा.

गाडीत बसण्याआधी आम्ही सगळेच पाय बाहेर ठेवून बूट एकमेकांवर आपटतो. टोरवाल्ड ते मोजायचा. मला एकदा म्हणाला, "अजून दोन." मी बसने गेलो.

खरी झळ बसली ती त्याच्या बायकोला, गुनेलला. तिची मोठी बहीण पुलापलीकडच्या ऑलंड बेटावर मेंढ्या पाळायची, म्हणजे अंगणात चिखल. सात वर्षांत ही गाडी तिथे एकदाही गेली नाही. "विकली की जाऊ," टोरवाल्ड म्हणायचा. ती विकल्यावर कशातून जायचं, हे गुनेलने विचारलं नाही.

यंदा मे महिन्यात त्याने जाहिरात दिली. किंमत अठ्ठावन्न हजार. तीन गिऱ्हाइकं आली. एकाने टायर पाहिले, दुसऱ्याने इंजिन ऐकलं, तिसऱ्याला ट्रेलर ओढता येईल का एवढंच हवं होतं. टोरवाल्डने प्रत्येकापुढे टॉवेल, रबर, कापड असं एकेक उचलून दाखवलं.

"गालिचा बघा!"

"हो, आहे की," तिसरा म्हणाला. तिघांचाही आकडा एकच, पन्नास.

जूनमधल्या एका शुक्रवारी गुनेल म्हणाली, "उद्या ताईची ऐंशी पुरी होतात. रविवारी ती घराच्या किल्ल्या देऊन टाकणार. आईचा हातमाग तिथेच आहे, टोरवाल्ड. मी नाही आणला तर नवे मालक सरपण करतील त्याचं."

"बसने आण."

"दोन मीटरचा माग? मांडीवर घेऊन?"

"अगं, त्याला तेल असतं. गालिच्यावर सांडलं म्हणजे? गिऱ्हाईक येऊ दे आधी."

"आलंय."

"कोण?"

"मी. अठ्ठावन्न देते."

त्या घरात नवराबायकोचे पैसे वेगळे. कॉफीसुद्धा एक आठवडा हिची, एक त्याची. वडिलांच्या जंगलाचा वाटा विकून आलेले पैसे गुनेलच्या खात्यात होते. दुसरा कोणी शरमला असता. टोरवाल्डने विचारलं, "आजच भरतेस ना?"

शनिवारी सकाळी गुनेलने सगळ्या मॅट काढून पायरीवर रचल्या.

"त्यांचे वेगळे पैसे नाहीत गं," टोरवाल्ड उदारपणे म्हणाला.

"नकोत मला." ती मुद्दाम बटाट्यांच्या ओल्या वाफ्यातून लाकडी चपला घालून चालत आली आणि तशीच स्टिअरिंगमागे बसली. "येतोस? पेट्रोल निम्मं-निम्मं."

मी कुंपणापलीकडून पाहत होतो. टोरवाल्डने बूट अकरा वेळा आपटले, मग काढून मांडीवर घेतले.

माग आला. तेलही सांडलं. आता त्या मागावर गुनेल चिंध्यांच्या सतरंज्या विणते, आणि टोरवाल्डला कुठे जायचं असेल तर तिच्याकडून गाडी मागून घेतो. किलोमीटरमागे चार क्रोनर. दर तिनेच ठरवला. घासाघीस त्याला करता आली नाही.

परवा गुनेल मला म्हणाली, "त्या आठ हजारांतले बासष्टशे परत आलेत. बाकीचे नाताळपर्यंत देईल तो."