सूर्यास्ताआधी की नंतर

बाबा होते तोवर घरातल्या तारखा तेच सांभाळायचे. यहुदी पंचांगातला दिवस दरवर्षी इंग्रजी महिन्यांत मागेपुढे सरकतो, पण बाबांना विचारलं की उत्तर तयार असायचं. त्यामुळे थोरल्या लेकीनं त्यात कधी डोकं घातलंच नाही. तिचं चष्म्याचं दुकान होतं. काचा घासायच्या, फ्रेमीत बसवायच्या, यात तिचा दिवस सरायचा. आता बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांचा स्मृतिदिन नेमका कधी येतो हे सांगायला कोणी उरलं नव्हतं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तिनं इंटरनेटवर एक यहुदी कॅलेंडर शोधलं आणि फोनला जोडून टाकलं. फोन भरून वाहायला लागला. सण, उपवास, दर आठवड्याचं धर्मग्रंथाचं वाचन, शिवाय रोजची हिब्रू तारीख! गिऱ्हाइकाची वेळ कुठल्या कुठे गडप झाली. "अगं बाई, हे तर बाबांपेक्षा बोलकं निघालं," असं पुटपुटत ती सेटिंगमध्ये शिरली. एकेक खूण काढत गेली. मोठे सण ठेवले, शुक्रवारी दिवे लावायची वेळ ठेवली. आपलं शहर निवडलं. मग स्मृतिदिनाच्या रकान्यात बाबांचं नाव आणि ते गेले ती तारीख लिहिली.

खाली एक चौकट होती: 'निधन सूर्यास्तानंतर'.

तिचा हात थांबला. यहुदी दिवस सूर्य मावळला की बदलतो. चौकटीत खूण केली तर स्मृतिदिन एक दिवस पुढे जाणार होता. मृत्यूच्या दाखल्यावरची वेळ डॉक्टर येऊन तपासून गेल्यानंतरची, तिचा उपयोग नव्हता. आणि ती स्वतः तिथे नव्हती. त्या संध्याकाळी ती अंघोळीला घरी गेली होती. परत आली तेव्हा धाकटा भाऊ दवाखान्याच्या जिन्यात फोन कानाला लावून उभा होता, आणि खोलीत बाबांच्या अंगावर चादर ओढलेली होती. बाबा एकटेच गेले, हे तिनं मनाशी धरलं ते तेव्हापासून. भावाला कधी विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटायची.

तिनं त्याला फोन लावला. तो बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. मागे हातोड्याचे ठोके ऐकू येत होते.

"बोल ताई. थांब, बाहेर येतो."

"बाबा गेले तेव्हा ऊन होतं का रे?"

"हे आत्ता कुठून काढलंस?"

"कॅलेंडर विचारतंय."

"कॅलेंडरनं तरी विचारलं म्हणायचं." त्यानं घसा खाकरला. "होतं ऊन. त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. म्हणून मी खुर्ची खिडकीच्या आणि त्यांच्या मध्ये घेतली आणि उन्हाकडे पाठ करून बसलो. म्हणाले, आता बरं वाटतंय. तेच शेवटचं. नंतर पाठ भाजायला लागली, पण हललो नाही."

"म्हणजे तू होतास?"

"नाहीतर कुठे असणार? हात धरून होतो."

"मला वाटलं, तू बाहेर फोनवर..."

"तो नंतर गं. तुलाच लावत होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू तीन आठवडे रात्रंदिवस बसलीस, मी एक संध्याकाळ. आणि नेमकी तीच माझ्या वाट्याला आली. कुठल्या तोंडानं सांगू?"

"वेडा आहेस," ती म्हणाली. डोळे पुसले, चौकट रिकामी ठेवली आणि कॅलेंडर सेव्ह केलं. त्याची लिंक भावालाही पाठवली.

स्मृतिदिन आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळला की मेणबत्ती लावून सुरू होतो. त्या दिवशी भाऊ गॅरेजच्या कपड्यांतच धापा टाकत दारात आला.

"उशीर झाला का? माझा फोन कधीचा वाजतोय!"

"अरे, सूर्य अजून वर आहे. बघू तो फोन." तिनं सेटिंग उघडलं. "हे शहर कुठलं घातलंयस? तिथं सूर्य केव्हाच मावळला. तिथं कोण राहतं आपलं?"

"मला काय माहीत! वरच होतं, तेच दाबलं."

"इंजिन खोलतोस आणि हे जमत नाही? जा, आधी हात धू. ग्रीस लागलंय कोपरापर्यंत."

तो हात धुऊन येईपर्यंत तिनं शहर बदललं. मग दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसली. दवाखान्यातल्या त्या संध्याकाळी बाबा अजून काय काय बोलले, ते तिनं विचारलं आणि तो सांगत गेला. नर्सची त्यांनी केलेली थट्टा ऐकून ती खळखळून हसली. बाहेर अंधारून आलं तेव्हा तिनं काडी ओढली, त्यानं बाबांच्या नावाची मेणबत्ती धरली. तो जेवायलाही थांबला.