आपांची सहा बदकं

राजधानी नागपुरातून भोपाळला हलली, आणि तिच्या मागोमाग फायली, टाइपरायटर आणि शांताराम कारकून असे सगळे निघाले. सरकारी क्वार्टर तेव्हा कागदावरच होते. म्हणून शांताराम आणि त्याची बायको रत्नप्रभा भोपाळच्या तलैया मोहल्ल्यात बिल्किस आपांकडे दोन खोल्या घेऊन राहिले. आपा एकट्या. जीव सगळा सहा बदकांत.

थंडी सरता सरता आपा मुलीच्या बाळंतपणाला सिहोरला निघाल्या. "दो महीने की बात है, बेटी. सुबह दरवाज़ा खोल देना, तालाब से शाम को ख़ुद आ जाएँगी. दाना बस मुट्ठी भर."

रत्नप्रभानं मान डोलावली आणि केलं मनाचंच. मूठभर काय, भिकाऱ्याला घालतात का? शिवाय गल्लीत कुत्री. तिनं दार लावून घेतलं, फरशीचं अंगण रोज धुतलं, घमेल्यात पाणी ठेवलं आणि नागपूरची ज्वारी पाखडून, खडा न् खडा वेचून बदकांपुढे ओतली.

"काल माझ्या भाकरीत कचकच होती," शांताराम म्हणाला. "ह्यांच्या ज्वारीत बरी नसते."

"तुम्हांला दात आहेत," ती म्हणाली.

बदकं पहिल्यांदा खूश दिसली. मग अंडी कमी झाली, मग बंद. गळ्याखालची पिशवी सदा टम्म, छातीचं हाड मात्र हाताला लागायचं. अंगण धुताना तिला विष्ठेत ज्वारीचे दाणे सबंधचे सबंध दिसले, जसे टाकले तसे. आपा यायला पंधरा दिवस होते. त्या दिवशी सकाळी एक बदक मरून पडलं.

"बाजारातून तसंच एक आणू," शांताराम म्हणाला. "त्यांना काय कळतंय."

"त्या नावानं हाका मारतात त्यांना. आणि उरलेली पाच पण जातील, त्याचं काय?"

तिनं विळी घेतली. माहेरी शंभर कोंबड्या साफ केलेल्या. पोटातली दुसरी, जाड, टणक पिशवी तिनं चिरली. आत नुसती ज्वारी, फुगलेली, कुजका वास येणारी. ती बघतच राहिली. कोंबडीच्या पिशवीतून नेहमी मूठभर खडे निघायचे, ती ते धुऊन फेकून द्यायची. इथं एकही नव्हता.

"अहो, ह्यांचं जातं आत असतं," ती म्हणाली. "आणि मी त्याचे दगडच वेचून घेतले. तळ्यावर बदकं वाळू, खडे गिळत असणार. मी बसवलं धुतलेल्या फरशीवर."

"म्हणजे खडे खायला घालणार? लोक हसतील."

"हसू देत."

तिनं तळ्याकाठची जाड रेती टोपलीभर आणून अंगणात ओतली. ज्वारी दोन दिवस बंद, नुसता पाला आणि पाणी. मग मूठभर दाणे, भिजवून. तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि हातात काठी घेऊन ती स्वतः बदकांमागं तळ्यापर्यंत गेली. पोरं ओरडली, "मराठन मौसी की बारात." ती थांबली नाही. आठवड्याभरात विष्ठेतले दाणे गेले. दहाव्या दिवशी रेतीत एक अंडं सापडलं.

आपा टांग्यातून उतरल्या तेव्हा रत्नप्रभा दारातच उभी होती. चहाच्या आधी सांगितलं, सगळं. दार बंद ठेवलं, दाणा निवडला, एक मेलं, ते चिरून बघितलं.

आपांनी विचारलं, "कौन सी?"

"भूरी."

आपांनी डोळ्यांना पदर लावला. "अनाड़ी निकली तू. मैंने भी कहाँ समझाया था कि क्यों खोलना है," त्या म्हणाल्या. मग खाटेवर बसल्या, चपला काढल्या. "मैं थकी हूँ. शाम को बाक़ी पाँच को तू ही ले आना."