भत्त्याच्या आड आलेला कोट

मी एक कोट बोलतोय. राखी रंगाचा, लोकरीचा, आतून रेशमी अस्तराचा. आयुष्याची बरीच वर्षं मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत काढली. तो वास तुम्हाला लांबून आला तरी तुम्ही नाक मुरडता. मी तर त्या वासाबरोबर संसार केलाय. त्यामुळे आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. मला माणसांची शिसारी आली आहे. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मुळात मी त्यांच्यासाठी नव्हतोच. एका व्यापाऱ्याने कापड आणून दिलं होतं. कच्च्या टाक्यांवर होतो तेव्हाच त्याच्या अंगावर चढलो, आणि किळस म्हणजे काय ते तिथेच कळलं. मान घामाने चिकट, बोटं तेलकट, आणि जीभ त्याहून तेलकट. आरशात स्वतःला न्याहाळत तो शिलाईवरून घासाघीस करायला लागला.

"एवढ्यात तर दोन कोट होतात, मास्तर."

"होतात ना. मग ते दोन घाला," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला त्याच्या अंगावरून उतरवून घेतलं.

कापडाची किंमत त्याच्या हातावर ठेवून मास्तरांनी मला उसवलं आणि स्वतःच्या मापाने पुन्हा बेतलं. खांदा असा बसवला की बघणाऱ्याने बघतच राहावं. काजं मात्र बाईंनी केली. बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. दुकानातलं सगळं काजबटण त्यांच्याकडेच असायचं. मास्तर काजं कधीच करत नसत. "तिच्यासारखा टाका मला जमत नाही," असं गिऱ्हाइकांना सांगत. बाईंना मात्र कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

पुढे लग्नकार्यात मिरवलो, मुलाच्या पदवीदानाला पहिल्या रांगेत बसलो. लोक माझी कॉलर चिमटीत धरून विचारत, "काय हो, कुठून घेतला?" ज्या बोटांनी विचारत त्याच बोटांनी नुकतंच काहीतरी खाल्लेलं असे. पाहुणे मला खुर्चीच्या पाठीला लावायचे आणि वर टेकून बसायचे. एका लग्नात तर एका बाळाने माझ्या खांद्यावर सगळं दूध ओकलं, आणि बाळाची आई म्हणाली, "काही नाही हो, दूधच आहे." मी बोलू शकत नाही हे त्या बाईचं नशीब.

मग मास्तरांना कंपवात झाला. आधी सुई ओवता येईना, मग कात्री सरळ चालेना. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कापडावर आडवा काप गेला आणि त्या संध्याकाळी मास्तरांनी स्वतःच दुकानाची पाटी उतरवली. मशीन गेलं, इस्त्री गेली, मी राहिलो. मुलगा परगावी. तो फोनवर विचारायचा, "बाबा, कसे आहात?" मास्तर सांगायचे, "ठणठणीत." तो लगेच म्हणायचा, "वा, मग झालं तर!" ज्याला खरं उत्तर नको असतं तो प्रश्न कसा पटकन गुंडाळतो, ते ऐकायचं असेल तर त्याचा फोन ऐकावा.

घरात मास्तरांचं सगळं बाई करायच्या. उठवणं, आंघोळ, कपडे, जेवण. कोणाला कळू द्यायचं नाही, हा त्या घराचा नियमच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! मूठ झाकून झाकून बाईंची कंबर मोडत होती, ते कोणी मोजत नव्हतं.

शेजारच्या काकूंनी एकदा सांगितलं, की दुसऱ्याच्या मदतीशिवाय ज्या म्हाताऱ्या माणसांचं चालत नाही त्यांना मदतनीस भत्ता मिळतो. त्यातून घरी माणूस ठेवता येतो. बाईंच्या डोळ्यांत एकदम काहीतरी आलं. मास्तर म्हणाले, "बघू जाऊन. पण कचेरीत जायचं तर भिकाऱ्यासारखं जायचं नाही. कोट काढ."

झालं! मला कपाटातल्या पिशवीतून काढलं. बाईंनी त्यांचा एक हात बाहीत घातला, मग मागून वळसा घेऊन दुसरा. बटणं लावता लावता त्यांना धाप लागली. शेवटी थरथरणारा उजवा हात उचलून त्यांनी माझ्या खिशात ठेवला, म्हणजे कोणाला दिसायला नको. कचेरीत पोचेपर्यंत तो हात खिशात फडफडत होता, पिशवीत घातलेल्या जिवंत मासळीसारखा. बाहेरून मी मात्र एकदम ऐटदार.

कचेरीतल्या साहेबाने मास्तरांकडे पाहिलंच नाही. त्याने मला पाहिलं. वरपासून खालपर्यंत.

"जेवता स्वतःच्या हाताने?"

"हो."

"कपडे स्वतः घालता?"

"अहो, मी शिंपी आहे!" मास्तर म्हणाले.

साहेब हसला. मास्तर हसले. बाईसुद्धा हसल्या. माझ्या खिशातला हात तेवढा हसत नव्हता. काही दिवसांनी कळलं की अर्ज नामंजूर.

बाईंनी शेजारच्या काकूंकडून दुसरा अर्ज लिहून घेतला. या वेळी साहेब घरी येऊन पाहणार होता. आता घरी येणारच आहे तर घर जसं आहे तसं दाखवावं की नाही? छे! बाईंनी पहाटे उठून फरशी घासली. पलंगाखालचं भांडं लपवलं, न्हाणीघरातला आधाराचा दोर सोडून ठेवला. मास्तरांची दाढी केली. आणि घरात, स्वतःच्या घरात, बसायच्या खोलीत, त्यांना कोट घातला. मला लाज वाटली, पण घालणाऱ्यांना वाटत नव्हती. पडलो तरी नाक वर.

साहेब आला तेव्हा मास्तर उभे राहिले. आदल्या दिवसापासूनची सगळी ताकद त्यांनी त्या एका उभं राहण्यासाठी राखून ठेवली होती. चहा आला, तोही अर्धाच कप, सांडू नये म्हणून. साहेबाने चहा ढोसला, बिस्किटाचा चुरा माझ्यावर उडवला आणि जाताना माझी कॉलर चोळत विचारलं, "मास्तर, असा एक मला शिवून द्याल का?"

"आता बंद केलं हो काम," मास्तर म्हणाले.

"का बरं? तब्येत तर छान आहे!"

आणि तसंच लिहून तो गेला. मला ओकारी यायची बाकी होती. सगळा दोष कोटाच्या माथी मारायचा असेल तर खुशाल मारा. पण मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आत काय चाललंय. अस्तराला सगळं ठाऊक असतं. पण त्यासाठी कोट उलटून बघावा लागतो, आणि तेवढे कष्ट घेणार कोण?

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मास्तरांना उठवताना बाई त्यांच्यासकट खाली आल्या. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "पायरीवरून घसरले." डॉक्टर म्हणाले, "आजी, आता कोणालाही उचलायचं नाही. आणखी एकदा असं झालं तर तुम्हीच कायमच्या अंथरुणाला खिळाल."

मुलाचा फोन आला. त्याने सगळी चौकशी करून ठेवली होती. एक वृद्धाश्रम पुरुषांचा आहे, एक बायकांचा. "दोघांची उत्तम सोय होईल. दोन्ही तसे जवळच आहेत, बसने जाता येतं," तो म्हणाला. बाई फोन धरून उभ्या होत्या. "हो, बघू," एवढंच म्हणाल्या. मग खूप वेळ त्या आधीच पुसलेला ओटा पुसत राहिल्या.

शेवटी शेजारच्या काकू एका ताईंना घेऊन आल्या. या ताई पूर्वी त्याच कचेरीत होत्या. निवृत्त झाल्यापासून वाचनालयाच्या एका टेबलावर बसून म्हाताऱ्या माणसांना अर्ज समजावून सांगत. मला त्या पाहताक्षणी आवडल्या नाहीत. आल्या त्याच शिंकत. डांबराच्या वासाने त्यांचं नाक वाहायला लागलं आणि रुमाल सापडेना म्हणून त्यांनी ते चक्क हाताच्या पाठीने पुसलं. आवाज असा, की तीन घरांपलीकडे कळावं.

"मास्तर, हा भत्ता गरिबीचा नाही आणि भीकही नाही. दुसऱ्याच्या हाताशिवाय ज्याचं चालत नाही त्याच्या हक्काचा आहे. काय? आता सांगा, कपडे कोण घालतं?"

"मीच घालतो," मास्तर म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

ताईंनी खोलीभर नजर फिरवली. मी दारामागच्या खुंटीवर होतो. "हा घालून गेला होतात कचेरीत?" असं म्हणत त्या उठल्या आणि नाक पुसलेल्या त्याच हाताने त्यांनी मला उचललं. काय सांगू माझी अवस्था! मला मास्तरांच्या मांडीवर टाकून म्हणाल्या, "घालून दाखवा."

बाई लगबगीने पुढे झाल्या.

"वहिनी, तुम्ही बसा. हात लावायचा नाही."

मास्तरांनी मला उचललं. डावा हात कसाबसा बाहीत गेला. उजवा हात पाठीमागे मला शोधू लागला. बाहीचं तोंड तिथेच होतं, चार बोटांवर, पण हात तिथे पोचेना. तो अस्तरावर आपटला, आतल्या खिशात शिरला, तिथेच अडकला. मी त्यांच्या एका खांद्यावरून लोंबत होतो. काजं सोडली तर माझ्यातला टाका न् टाका त्या माणसाने घातलेला, आणि आता माझं दार त्याला सापडत नव्हतं. बाईंचे हात मांडीवरून उठत होते, परत खाली बसत होते.

"निघा माझ्या घरातून!" मास्तर ओरडले.

ताई हलल्या नाहीत. "निघते. पण आधी ऐका. मी त्या खुर्चीत बसून आयुष्य घालवलंय. माणूस नीटनेटका आला की मी 'गरज नाही' असं लिहून मोकळी व्हायचे. दिसतं तसं नसतं हे ठाऊक होतं. पण तपासत बसायचा कंटाळा. तुम्ही 'घालतो' म्हणालात की ते लिहून घेणार. त्यांच्या लेखी 'घालतो' म्हणजे एकट्याने, कोणाचा हात न लागता, रोज. चांगला दिवस सांगू नका. वाईट दिवस सांगा."

"सगळेच वाईट असतात," बाई म्हणाल्या.

इतक्या हळू बोलल्या, की मास्तरांनी मान वळवून पाहिलं.

"मी घालते कपडे. भरवते मीच. रात्री हाक मारतात, मी उठते. पायरीवरून घसरले नव्हते मी, यांना उचलताना पडले. आता नाही उचलवत मला. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसले. पण यांना एकीकडे नि मला दुसरीकडे ठेवणार आहेत. मला नाही जायचं बसने भेटायला!"

एक हात माझ्या बाहीत आणि दुसरा आतल्या खिशात, मास्तर तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "ताई, पुन्हा अर्ज करता येतो?"

अर्ज पुन्हा झाला. ताईंनी बजावून ठेवलं, "नाटक करायचं नाही. फक्त रोजचं जसं आहे तसं राहू द्या." त्यामुळे साहेब पुन्हा आला तेव्हा पलंगाखालचं भांडं जागेवर होतं, न्हाणीघरात दोर बांधलेला होता, मास्तर न केलेल्या दाढीने सदऱ्यात बसले होते. सदऱ्यावर सकाळची पेज सांडली होती. मला आजवर खूप घाणेरडं काय काय दिसलं, पण त्या डागाची मला घाण वाटली नाही.

"अरे, मागच्या वेळी तर छान उभे होते!" साहेब म्हणाला.

"मागच्या वेळी तुम्ही कोट तपासलात," शेजारी बसलेल्या ताई म्हणाल्या. "आज माणूस तपासा."

साहेबाने घसा साफ केला. "कपडे कोण घालतं?"

"ही," मास्तर म्हणाले.

"जेवण?"

"ही."

"आंघोळ?"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. "ही."

"रात्री?"

"ही. सगळं हीच. तिचं काज मला कधी जमलं नाही, आता तर काहीच जमत नाही. लिहा तसं."

तेव्हा साहेबाने पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं. त्या कंबरेला पट्टा बांधून दाराला टेकून उभ्या होत्या. तीन वेळा अर्ज झाला, आणि या घरात राबणारं माणूस कोण ते त्याला आज दिसलं. याच्यावर मी काय बोलू? थुंकायला मला तोंड नाही.

भत्ता मंजूर झाला. त्यातून सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येतो. पूर्वी हमाली करायचा, हात भक्कम, आणि त्याला लसणाचा वास. तो आपला घामट टॉवेल माझ्यावर टांगतो. मी दारामागच्या खुंटीवर असतो, खांद्यांवर धूळ, एक बाही कसरीने खाल्लेली. कपाटात परत ठेवायचं कोणाच्या लक्षात नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल आणि असा कोणी साहेब यायचा असेल, तर त्या दिवशी माझ्यासारख्याला बाहेर काढू नका. फरशी घासू नका. आईबाप 'ठणठणीत' म्हणाले तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. आणि साहेबलोकहो, तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, नुसत्या बाह्या आहेत. पण कॉलर चोळायच्या आधी खिशात काय थरथरतंय ते बघा.

मदतनिसाला बटणांचं काही कळत नाही. रोज एक वर, एक खाली लावतो. मास्तर त्याच्यावर खेकसतात, "अरे, डोळे आहेत की बटणं?" आणि मग सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारतात, "अगं, ए!"

बाई पलंगावर पडलेल्या असतात. मला इथून त्यांचे पाय दिसतात. हाक त्यांना ऐकू येते, पायांची बोटं जराशी हलतात. पण त्या उठत नाहीत.