राहिलेले तीन टोले

मी एक जुना रूळ आहे. अख्खा नाही, हातभर तुकडा. हसू नका मित्रांनो! येडशीकडची छोटी रेल्वे माझ्या अंगावरून धावलेली आहे. झिजलो तेव्हा मला कापून भंगारात टाकलं. तिथून सास्तूरजवळच्या एका गावातल्या गुरुजींनी मला उचललं आणि शाळेपुढच्या लिंबाला टांगलं. माझा टोला पडला की पोरं दप्तर सावरत पळत सुटायची. काय रुबाब होता माझा!

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. गाव दगडमातीखाली गेलं. लिंब उभा राहिला, म्हणून मीही राहिलो. लोकांनी माझ्यावर खूण ठरवली. ढिगाऱ्यात कुणी जिवंत असेल तर भराभर टोले, म्हणजे हातातलं टाकून धावत या. एका घरातली सगळी माणसं बाहेर निघाली की तीन सावकाश टोले. कस्तुराबाईंच्या घरासाठी भराभर टोले पडले. आतून त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीचा, प्रेमाचा आवाज येत होता. मग तो थांबला. प्रेमा काही निघाली नाही, म्हणून त्या घराचे तीन टोले कधी पडलेच नाहीत.

गाव अर्ध्या कोसावर नव्यानं वसलं. मला नव्या शाळेत टांगलं, पण भराभर टोले पुन्हा कुणी दिले नाहीत. तसा ठराव कुठं झाला नव्हता, पण गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. पुढं विजेची घंटा आली आणि मी कोपऱ्यात गंजत पडलो. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटायचं.

यंदा हिवाळ्यात कॉलेजच्या मुलांचं श्रमदानाचं शिबिर गावात आलं. मुलं गुणाची. त्यांनी नाल्या उपसल्या, झाडांना आळी केली. त्यांची पुढारी अर्पिता हुशार, पण घाई तिच्या पाचवीला पुजलेली. भूकंपात माणसं कशी वाचवायची, याचं प्रात्यक्षिक करायचं तिनं ठरवलं. आणि खरं वाटावं म्हणून जुन्या गावात! मला नेऊन त्याच लिंबाला टांगलं. गावात कुणाला विचारलं? कुणालाच नाही. "आधी आपण नीट करून बघू, मग लोकांना दाखवू," म्हणाली.

सकाळी विरेश नावाचा मुलगा जखमी म्हणून एका कललेल्या भिंतीमागं जाऊन निजला. "वाचवा! वाचवा!" तो ओरडला, आणि अर्पितानं लोखंडी गजानं मला भराभर बडवलं. अगं पोरी, थांब! पण लोखंडाचं ऐकतो कोण? मी ओरडेन तेवढा माझाच नाद वाढत होता.

तेवढ्यात नव्या गावाकडून कस्तुराबाई पळत आल्या. साठी उलटलेली बाई, अनवाणी, हातात पहार. ती भिंत त्यांच्याच घराची होती. "आले गं प्रेमा, आले!" म्हणत त्यांनी भिंतीच्या बुडात पहार घातली. आणि मुलांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, आजी प्रात्यक्षिकात भाग घेतायत. एकजण तर मोबाईलवर चित्रण करू लागला.

भिंत हलली. वरची माती गळू लागली. मला उंचावरून दिसत होतं, पलीकडं विरेश डोळे मिटून पडलेला. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

अर्पितानं कस्तुराबाईंचा चेहरा पाहिला मात्र, गज टाकून धावली आणि पहार धरली.

"आजी, थांबा! भिंत पडंल!"

"सोड मला! आत लेकरू हाय माझं!"

"विरेश, पळ! बाहेर पड!"

विरेश मागच्या भगदाडातून कसाबसा निसटला आणि धाडकन भिंत बसली. त्याचं डोकं होतं तिथं धोंडा येऊन पडला.

धुरळ्यातून तो कस्तुराबाईंपुढं आला. "अज्जी, मला काय झालं न्हाय."

त्यांनी त्याचं तोंड चाचपलं. "कुनाचं रे तू लेकरू?"

अर्पिताला रडू आवरेना. "आजी, घंटा मी वाजवली. खोटी होती."

"खोटी?" कस्तुराबाई मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "पोरी, एकदा इचारायचं तरी. म्या सांगितलं असतं."

त्या संध्याकाळी मुलं दारोदार गेली. भाषण द्यायला नाही, ऐकायला. लोकांनी बोल लावले, तेही मान खाली घालून ऐकले. चित्रण पुसून टाकलं. अर्पिता कस्तुराबाईंच्या चुलीपाशी भाकरी होईपर्यंत बसून राहिली. "प्रात्यक्षिक रद्द करते," म्हणाली, तर कस्तुराबाई उसळल्याच.

"रद्द कशापाई? आमाला कुनी शिकिवलं असतं, तर माझी प्रेमा निघाली असती. करा. पन सांगून करा, अन् हितं शाळंच्या आवारात करा."

शेवटच्या दिवशी सगळं गाव शाळेत जमलं. मलाही लिंबावरून काढून शाळेच्या दारात टांगलं होतं. भराभर टोले दिले नाहीत, शिट्टी वाजवली. मुलांनी बाकांखालून, वर्गांतून एकेक 'जखमी' उचलून आणला. गावातले म्हातारेही खांदा द्यायला उठले. शेवटी विरेश आला. तेव्हा कस्तुराबाईंनी अर्पिताच्या हातातून गज घेतला आणि सगळ्या पोरांच्या तोंडांवरून नजर फिरवली.

"सगळी आली न्हवं भाईर?"

"व्हय, अज्जी," विरेश म्हणाला.

मग त्यांनी मला तीन टोले दिले. सावकाश.

मित्रांनो, आता मी शाळेच्या दारात टांगलेला असतो. शिकायला येत चला, गावाच्या उपयोगी पडत चला. माझा गंज पुसलात तर बरंच आहे. पण गज उचलण्याआधी गावाला विचारा.